आंबट-गोड फळांचं रोस्ट पोर्क: मीठ आदल्या रात्री, फळ दुसऱ्या दिवशी, गूळ सगळ्यात शेवटी

पहिल्यांदा केलं तेव्हा मी अर्धा अननस किसला, त्यात गूळ, मीठ, आलं-लसूण कालवलं आणि दीड किलो पोर्क त्यात बुडवून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून दिलं. सकाळी डबा उघडला, तर मांसाचा वरचा थर नखाने खरवडून निघत होता, चहात जास्त वेळ राहिलेल्या बिस्किटासारखा. ओव्हनमध्ये गेल्यावर अर्ध्या तासात बाहेरून काळं झालं. कापलं तर मधला भाग अळणी. चार पाहुणे होते, चौघेही 'छान झालंय' म्हणाले आणि पावाबरोबर बटाट्याची भाजी संपवून गेले.

त्या एका डब्यात माझ्या तीन चुका होत्या, आणि तिन्ही एकाच समजुतीतून आल्या होत्या: सगळं एकत्र कालवून रात्रभर ठेवलं की सगळं आत मुरतं. तसं होत नाही. मीठ हळूहळू आत जातं, रात्रभरात बरंच आत. फळांचा रस, मसाला, लसूण हे वरच्या काही मिलिमीटरांतच राहतात, मग तुम्ही चार तास ठेवा नाहीतर दोन दिवस. आणि गूळ-साखर ओव्हनमध्ये मांस शिजायच्या कितीतरी आधी जळते. म्हणून तिघांची वेळ वेगळी. शीर्षकात तो क्रम दिला आहे, बाकीचा लेख म्हणजे त्याचा तपशील.

चवीची भीती मात्र बाळगू नका. चिंच-गुळाची आमटी ज्या घरात रोज होते, तिथल्या माणसाला आंबट-गोडाचा तोल कोणी शिकवायला नको. तीच जीभ इथे वापरायची.

मांस कुठलं, कुठून

पुण्यात पोर्क मिळत नाही अशी पेठांमध्ये एक समजूत आहे. कँप, क्वार्टर गेट, वानवडी या बाजूला चक्कर मारा. ख्रिस्ती वस्ती तिथे जुनी आहे, त्यामुळे पोर्क ठेवणारी कोल्ड स्टोरेजंही त्या बाजूलाच. किती जुनी, तर पेशव्यांच्या फौजेत गोव्याकडचे ख्रिस्ती लोक होते, त्यांच्या प्रार्थनेसाठी सवाई माधवरावांनी १७९२ मध्ये जागा दिली आणि तिथे चर्च उभं राहिलं. तेच आजचं सिटी चर्च. तेव्हा 'आपल्या पुण्यात हे कधीपासून?' असं कोणी विचारलं, तर उत्तर शनिवारवाड्यापर्यंत जातं.

दुकानात नुसतं 'एक किलो बोनलेस द्या' म्हटलंत तर बारीक तुकडे मिळतील, ते विंदालूचे. रोस्टला अख्खा तुकडा लागतो. खांद्याचा मागा, हाड काढलेला, दीड किलोचा. वरची कातडी काढायला सांगा पण खालची चरबी अर्धा बोट तरी राहू द्या. ती चरबी वितळत मांसावरून खाली येते, आणि फळाचा आंबटपणा जिभेवर बोचत नाही तो तिच्यामुळे. पाठीचा तुकडा, म्हणजे लॉइन, दिसायला सुबक आणि कापायला सोपा, पण त्यात चरबी कमी. पाच-दहा मिनिटं जास्त झाली की कोरडा पडतो. पहिल्या खेपेला खांदाच घ्या. पोटाचा तुकडा मला स्वतःला फार आवडतो, पण दोन फोडींपुढे जात नाही.

मांस फिकट गुलाबी ते लालसर असावं, चरबी पांढरी आणि घट्ट. बोटाने दाबलं तर खड्डा भरून यावा. आणि एक गोष्ट नीट बघा: मांसाच्या धाग्यांमध्ये तांदळाच्या दाण्याएवढे पांढुरके, पाणी भरल्यासारखे फोड दिसले तर ते मांस घेऊ नका, ते टेपवर्मच्या अळ्यांचे असतात. दुकान स्वच्छ असेल, माल तपासलेला असेल, तरी डोळ्यांनी बघायला दोन मिनिटं लागतात. पोर्क अर्धकच्चं खायचं नाही हे आपल्याकडे त्यामुळेच सांगतात, आणि ते खरं आहे.

वार कुठला? गुरुवार सोडून कुठलाही. घरात निम्म्यांचा उपास असतो, आणि पुण्यात लाइट आणि पाणी दोन्ही जायचे दिवस बहुधा तोच धरून येतात. तीन तासांच्या रोस्टमध्ये दीड तासाने ओव्हन बंद पडला, तर काय करायचं याचं उत्तर माझ्याकडे नाही. मी शनिवारी सकाळी खरेदी करतो आणि रविवारी रात्री जेवायला वाढतो. पुढच्या वेळा त्या हिशोबाने आहेत.

शनिवार रात्र: फक्त मीठ

मांस धुतलंत तर लगेच स्वच्छ फडक्याने टिपून कोरडं करा. मीठ वजनाच्या दीड टक्का, म्हणजे दीड किलोला २२ ग्रॅम. वजनकाटा नसेल तर बारीक मिठाचे चार सपाट चहाचे चमचे. 'सपाट' हा शब्द वाचून पुढे जाऊ नका, शीग भरून चार चमचे म्हणजे जेवण फुकट. मीठ सगळीकडून चोळा, चरबीच्या बाजूला सुरीने तिरक्या रेघा मारून त्यातही जाऊ द्या, आणि झाकण न लावता ताटलीत फ्रिजमध्ये ठेवा. घरातले नाकं मुरडत असतील तर झाकण लावा. पृष्ठभाग थोडा कमी कोरडा होईल इतकंच.

सकाळी बघाल तर रंग जरा गडद झालेला असेल आणि ताटलीत फारसं पाणी नसेल. आधी सुटलेलं पाणी मिठासकट परत आत ओढलं गेलेलं असतं. इथून पुढे कशातही मीठ घालायचं नाही. मी ओट्यावर चिठ्ठी लावून ठेवतो, कारण मसाला वाटताना हात आपोआप मिठाच्या बरणीकडे जातो.

फळ निवडताना

सगळ्या फळांना एका मापाने मोजता येत नाही. अननसात ब्रोमेलेन नावाचं एन्झाइम असतं, ते मांसातली प्रथिनं तोडतं. पपईत पपेन, अंजिरात फायसिन, किवीतही तसंच काहीतरी. कच्ची पपई मटणाला लावायची आपली जुनी युक्ती त्यावरच चालते. पण मटणाला एक चमचा पपई अर्धा तास लावणं वेगळं, आणि पोर्क अननसात रात्रभर पोहायला सोडणं वेगळं. उपाय सोपा: अननसाच्या फोडी आधी पाच मिनिटं चांगल्या उकळा. उष्णतेने एन्झाइम निकामी होतं, चव राहते. डब्यातला अननस आधीच तापवलेला असतो, त्याला हे लागत नाही, पण तो पाकातला असल्यामुळे गोड फार.

संत्र्यात ही भानगड नाही. थंडीत नागपुरी संत्री भरपूर असतात तेव्हा हे रोस्ट सगळ्यात चांगलं होतं, आणि नाताळही त्याच दिवसांत येतो. संत्री म्हणून बऱ्याचदा किन्नू हातात पडतो. त्याची साल घट्ट चिकटलेली असते, रस पुष्कळ, चालतो. मोसंबी मात्र नको. ती नुसती गोड, तिला धार नाही, शिवाय रस तापवला की कडवटपणा वर येतो.

एप्रिल-मेमध्ये मी कैरी घेतो. कैऱ्या उकडायच्या, गर काढायचा, म्हणजे पन्ह्याचा बलक करतो तसंच, फक्त गूळ आणि वेलदोडा न घालता. पोर्कच्या चरबीबरोबर तो गर असा काही जमतो की हापूसचा मोसम सुरू झाला तरी मी मंडईत कैरीच शोधत फिरतो. पुरंदरचे अंजीर मिळाले तर तेही उकळून घ्या. तिकडे अंजिराला खट्टा आणि मीठा असे दोन बहार असतात, आपल्या कामाचा खट्टा.

खाली दिलेलं प्रमाण संत्री-अननसाचं आहे. आंबटासाठी त्यात आमसुलं. चिंच घातली तरी बिघडत नाही, पण चिंचेने रंग मळकट होतो, आमसुलाने लालसर येतो.

रविवार सकाळ: वाटण

अर्ध्या मध्यम अननसाच्या फोडी (तीन-चार चकत्या वेगळ्या ठेवून) अर्धी वाटी पाण्यात पाच मिनिटं उकळा, गार करा, मिक्सरमधून काढून गाळा. साधारण एक मोठा कप रस मिळेल. तीन-चार संत्र्यांचा एक कप रस काढा, बिया राहू देऊ नका. आठ आमसुलं अर्धा कप गरम पाण्यात वीस मिनिटं भिजवून कुस्करून पिळून घ्या, चोथा टाकू नका. सहा काश्मिरी मिरच्या गरम पाण्यात भिजवा आणि पंधरा लसणीच्या पाकळ्या, दोन इंच आलं, चहाचा एक चमचा मिरी, पाच लवंगा, दोन इंच दालचिनी आणि दोन मोठे चमचे व्हिनेगर घालून गंधासारखं बारीक वाटा. भरड राहिलं तर ते कण ओव्हनमध्ये आधी जळतात.

रस आणि वाटण एकत्र करा आणि चमचाभर चाखा. आमटीपेक्षा आंबट लागलं पाहिजे, तोंड जरासं वाकडं होईल इतकं. चरबी आंबटपणा खाऊन टाकते. आता चमच्यावर बरोबर लागलं, तर ताटात मिळमिळीत लागेल.

कच्च्या मांसाला लावण्याआधी यातला एक कप बाजूला काढून फ्रिजमध्ये ठेवा, तो ग्लेझसाठी, म्हणजे शेवटी मांसावर द्यायच्या गुळाच्या चकचकीत थरासाठी. उरलेलं मांसावर ओता. अकराच्या सुमारास लावा, साडेतीनपर्यंत फ्रिजमध्ये राहू द्या, मध्ये एकदा उलटं करा. याहून जास्त ठेवून काही मिळत नाही, आंबटाने वरचा थर पांढुरका आणि पिठूळ मात्र होतो.

ओव्हन

घरचे ओटीजी आकड्यावर विश्वास ठेवण्यासारखे नसतात. माझा १६० वर ठेवला की आत १८० असतं. शंभर-दोनशे पानांचं माहितीपत्रक वाचण्यापेक्षा आत ठेवायचा छोटा थर्मामीटर आणा. तसाच मांसात खुपसायचा सळईचा थर्मामीटरही घ्या. या सगळ्या प्रकारात पैसे घालावेत असं ते एकच यंत्र आहे.

ओव्हन १६० अंशांवर, वरचा-खालचा दोन्ही कॉइल चालू. ट्रेमध्ये दोन कांद्यांच्या जाड चकत्या, त्यावर बाजूला ठेवलेल्या अननसाच्या चकत्या, आमसुलांचा चोथा. त्यावर मांस, चरबीची बाजू वर, मुरवणातून निथळून घेतलेलं. अंगावर वाटणाचा पातळ थर राहू दे, ओघळणारा रस नको. तळाशी अर्धा कप गरम पाणी. आता फॉइलने ट्रे गच्च झाका, कडा दाबून. ट्रे सगळ्यात खालच्या खणात. ओटीजीची वरची कॉइल मांसापासून चार बोटांवर आली, तर फॉइलसुद्धा वाचवत नाही.

पोर्क चारच्या सुमारास आत गेलं की दीड तास दार उघडू नका. मग एकदा बघा, तळ कोरडा दिसला तर थोडं पाणी घाला, पुन्हा झाका. एकूण अडीच तास लागतात, पण घड्याळापेक्षा आतलं तापमान बघा: खांद्याला ८५ ते ९० अंश. सुरक्षित तर ते त्याच्या खूप आधी झालेलं असतं. अमेरिकेच्या कृषी खात्याने २०११ पासून पोर्कच्या अख्ख्या तुकड्यांना ६३ अंश आणि नंतर ३ मिनिटांचा विसावा पुरेसा धरला आहे. मी इथे ७१च्या खाली थांबत नाही, लॉइन असलं तरी. खांद्याला ७१ वर काढलंत तर खाता येईल पण चावून चावून जबडा दुखेल, कारण त्यातल्या चिवट शिरा आणि पडदे वितळायला जास्त उष्णता आणि वेळ लागतो. लॉइनचं गणित उलटं: किलोभर तुकडा याच आचेवर पाऊण ते एक तासात होतो, ७१ ला लगेच बाहेर.

थर्मामीटर नसेल तर सुरी खुपसून बघा. उकडलेल्या रताळ्यात शिरावी तशी शिरली पाहिजे. अडकली, ओढावी लागली, तर आणखी वीस मिनिटं.

गूळ

हे सगळ्यात थोड्या वेळाचं आणि सगळ्यात जास्त बिघडणारं काम आहे, म्हणून फोन बाजूला ठेवा.

मांस शिजतंय तोवर बाजूला ठेवलेला कप लहान जाड बुडाच्या पातेल्यात घ्या, त्यात ७० ग्रॅम चिरलेला गूळ घालून मध्यम आचेवर आटवा. आधी वर मोठे, पातळ, पटकन फुटणारे बुडबुडे येतात. दहा-बारा मिनिटांनी ते लहान होतात, सावकाश फुटतात आणि फुटताना 'पुच्' असा आवाज करतात. तेव्हा एक थेंब बशीत टाकून बोटांत धरा. गुलाबजामच्या पाकासारखा चिकट हवा, पण तार धरू नये. एकतारी झाला तर मांसावर पसरत नाही, गोळा होऊन बसतो. तसा झालाच तर संत्र्याच्या रसाने सैल करा. पुन्हा चाखा. आता आमटीसारखी चव हवी, आंबट आधी, गोड मागून. नुसतं गोड लागत असेल तर चमचाभर व्हिनेगर.

ट्रे बाहेर काढा, फॉइल काढा, तळाचा रस एका भांड्यात ओतून घ्या. ओव्हन २०० वर न्या. ब्रशने मांसाला ग्लेझचा पातळ हात द्या, आत ठेवा. सहा-सात मिनिटांनी दुसरा हात, पुन्हा तेवढ्याच वेळाने तिसरा. एकदम जाड थापलंत तर वरचा जळतो आणि खालचा ओलाच राहतो. फळातली साखर लवकर करपते, त्यामुळे तिसऱ्या हातानंतर मी दारासमोर स्टूल टाकून बसतो. कडा काळपट तांबूस झाल्या, मध्ये महोगनीच्या जुन्या कपाटासारखी चमक आली, की काढायचं. वास बदलतो ते नाकाला आधी कळतं: गुळाच्या ढेपेचा वास जाऊन किंचित कडवट, कॉफीकडे झुकणारा वास आला, तर तुम्हाला जास्तीत जास्त दोन मिनिटं आहेत.

थांबणं

माझ्या आधीच्या घराशेजारी मूळच्या म्हापशाच्या एक आंटी राहायच्या. त्यांचं नाताळचं पोर्क खाऊनच मला हा नाद लागला. मी पहिल्यांदा त्यांच्याकडे ट्रे घेऊन गेलो तो वाफाळताच, हातात सुरी. त्यांनी सुरी काढून घेतली, अंगठ्याने मांस एकदा दाबलं, वर ताटली पालथी घातली आणि म्हणाल्या, 'बाबा, तू आधी बस. पाणी पी. ते पण बसू दे.' वीस मिनिटं त्यांनी मला ट्रेला हात लावू दिला नाही.

लगेच कापलं तर रस पाटावर वाहून जातो आणि ताटात कोरडी फोड येते, आणि ग्लेझही पाघळून सुरीला चिकटतं. त्या वीस मिनिटांत काढून ठेवलेल्या रसावरचं तूप, म्हणजे वितळलेली चरबी, पळीने काढा (फेकू नका), खालचा रस कांदा-अननसासकट मिक्सरमधून फिरवून गाळा, दोन उकळ्या द्या. हा रस्सा खारट-आंबट असतो, म्हणून वरून थोडाच घ्यायचा. कापताना मांसाचे धागे कुठल्या दिशेला जातात ते बघून त्यांना आडवी सुरी चालवा, पाव बोट जाडीच्या फोडी.

ओव्हन नसेल तर

कुकरमध्येही होतं, फक्त गूळ त्यात चुकूनही नको, बूड लागतं आणि कुकर दोन दिवस घासत बसावं लागतं. मीठ लावलेलं मांस कुकरमध्येच थोड्या तेलावर सगळीकडून लालसर परता, मुरवणाचा एक कप आणि एक कप पाणी घाला, एक शिट्टी झाली की आच बारीक करून चाळीस मिनिटं. वाफ आपोआप जिरू द्या. मग तुकडा काढून लोखंडी कढईत, त्याच्या स्वतःच्या चरबीवर, ग्लेझ चमच्याने वर ओतत ओतत उलटापालटा करा. ओव्हनसारखी कड येत नाही, पण रंग येतो, आणि नाहीतरी आमच्याकडे पहिली दोन वर्षं असंच होत होतं. त्या कढईला आईने हँडलजवळ लाल सुतळी बांधली आहे. ती तिच्या ओट्यावर दिसता कामा नये, एवढीच तिची अट.

वाढताना आणि उरल्यावर

बरोबर पाव हवा, शक्यतो बेकरीतला कडक कवचाचा. भाताबरोबर खायचं असेल तर साधा मोकळा भात आणि तो रस्सा. एखादी कच्ची, करकरीत गोष्ट लागते. मी कोबी बारीक चिरून त्यावर लिंबू आणि हिरवी मिरची चुरडतो. दह्याची कोशिंबीर यात जात नाही, दोन आंबटं भांडतात.

दीड किलो मांस शिजून साधारण एक किलोच्या आसपास भरतं, सहा जणांना पोटभर. उरलंच तर झाकून फ्रिजमध्ये तीन दिवस. परत गरम करताना मायक्रोवेव्ह नको, मांस रबरासारखं होतं. चमचाभर रस्सा घालून तव्यावर झाकण ठेवून मंद आचेवर. खरं तर सोमवारी सकाळी ते गार असतानाच पातळ कापून, पावात मोहरी आणि कोबी घालून डब्यात नेलं, तर ऑफिसात लपवून खावं लागतं. आणि ते काढून ठेवलेलं तूप बरणीत भरा. त्यात परतलेले बटाटे बुधवारपर्यंत पुरतात.